दोरी शाबूत, टॉर्च दरीत: रात्रीच्या रॅपलिंगसाठी टॉर्चची बांधणी ठरवताना

मावळातल्या एका कड्यावर आमच्या गटाचा रात्रीचा रॅपलिंगचा, म्हणजे दोरावरून उतरण्याचा, सराव चालू होता. कडा साधारण ४० मीटरचा. उतरणाऱ्याने वरच्या कंगोऱ्यापाशी थांबून हातातल्या टॉर्चने डावीकडची घळ पाहून घेतली, टॉर्च मनगटाच्या दोरीवर सोडून दिला आणि दोन्ही हात दोराकडे नेले. चार-पाच हात खाली गेला असेल नसेल, तोच उजेड गरगरत दरीत गेला. वरून ‘स्टोन’ अशी हाक आली. खाली दोर धरून उभा असलेला सहकारी भिंतीला चिकटला आणि टॉर्च त्याच्यापासून दोन हातांवर दगडावर आपटला.

टॉर्च सेलसकट १८० ग्रॅमचा होता. ऐकायला वजन क्षुल्लक वाटतं. पण ३५ मीटर खाली येईपर्यंत, हवेचा अडथळा सोडला, तर त्याचा वेग ताशी ९० किलोमीटरच्या पुढे जातो आणि त्यात सुमारे ६० ज्यूल ऊर्जा साठते. गिर्यारोहणाच्या हेल्मेटची युरोपीय चाचणी घेताना ५ किलोचं वजन २ मीटरवरून हेल्मेटवर सोडतात, ती ऊर्जा होते ९८ ज्यूल. म्हणजे हेल्मेटने हा घाव बहुधा झेलला असता. खांद्याला किंवा मानेला मात्र हेल्मेट नसतं. हाक ऐकल्यापासून टॉर्च खाली पोचेपर्यंत तीन सेकंदसुद्धा मिळत नाहीत, आणि अंधारात माणूस त्यात काय करणार?

गटाच्या साहित्याची देखभाल माझ्याकडे असते. दुसऱ्या दिवशी सगळे तुकडे माझ्यासमोर आले, तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी: दोरी शाबूत होती. मनगटाचा फास शाबूत. हूक बंद. हूकातली कडीही जागच्या जागी. त्या कडीत टॉर्चची पोलादी क्लिप अडकलेली, वाकलेलीसुद्धा नाही. नव्हता तो फक्त टॉर्च.

क्लिप नळीवरून निघून आली होती. या जातीच्या क्लिपा नळीवरच्या खाचेत दाबून बसवलेल्या असतात. त्यांना स्क्रू नसतो, पोलादाच्या पकडीवरच सगळं चालतं. त्यांचं काम टॉर्च खिशाच्या काठाला धरून ठेवण्याचं. तिथे ओढ हलकी असते आणि नळीच्या लांबीच्या दिशेने येते. पण बनवणाऱ्याने त्याच क्लिपच्या टोकाला दोरीसाठी भोकही पाडलं होतं. दोरीवर टॉर्च लोंबकळू लागला, शरीराबरोबर हेलकावे खाऊ लागला, की ती ओढ आडवी होते. क्लिपचं टोक पहारीसारखं काम करतं आणि अर्धगोल पकडीचं तोंड उघडत जातं. खाली सापडलेल्या नळीवर, काळ्या अ‍ॅनोडाइज्ड थरावर, खाचेच्या एका बाजूला ओरखड्याच्या दोन ताज्या रेघा होत्या. क्लिप एका झटक्यात सुटली नव्हती. हेलकाव्यांनी ती थोडी थोडी सरकत गेली असणार.

म्हणून या प्रकरणात मी सर्वांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहिलो. दुकानात गेल्यावर आपण विचारतो, ‘दोरी किती किलो पेलते?’ हा प्रश्न शेवटी विचारायचा. आधी विचारायचं, ओढ कुठून कुठे जाते आणि वाटेत कोणकोणत्या जोडांतून जाते. टॉर्चचं डोकं, नळी, मागचं झाकण, त्यांच्या आट्या, क्लिप, भोक, कडी, हूक, दोरी, गाठ आणि शेवटी माणूस. इतक्या सगळ्यांमधून सुटण्याचा मान दोरीला क्वचितच मिळतो.

टॉर्चच्या खोक्यावरची चिन्हं इथे कामाची नाहीत, हेही सांगायला हवं. २००९ साली आलेल्या अमेरिकेच्या एफएल१ मानकामुळे प्रकाश, पल्ला, सेल किती वेळ चालतो, पाण्यापासूनचं संरक्षण आणि आपटणं या गोष्टी मोजून छापल्या जाऊ लागल्या. ‘१ मीटर’ किंवा ‘१.५ मीटर’ असं जे चिन्ह असतं, त्याचा अर्थ तेवढ्या उंचीवरून काँक्रीटवर पडला तरी टॉर्च चालतो. दोरीच्या भोकाची त्यात कसलीही कसोटी नाही. ती दुसरीकडे आहे. उंचीवर काम करणाऱ्या कामगारांच्या हत्यारांसाठी अमेरिकेत २०१८ साली आयएसईए १२१ हे मानक आलं. त्यात हत्याराला लावायचा जोड, बांधायची दोरी आणि दोरीचं दुसरं टोक जिथे अडकवायचं तो जोड, या तिघांचा वेगवेगळा विचार केला आहे. आपल्याला विचार करायची रीत तिथून घेता येते.

त्या आठवड्यात गटातले सगळे हातटॉर्च टेबलावर मांडले. दाबून बसवलेल्या क्लिपवरच दोरी असलेले आणखी काही निघाले, ते ताबडतोब बाजूला केले. काहींना मागच्या झाकणात आरपार भोक होतं. ही जागा क्लिपपेक्षा कितीतरी चांगली, पण तिच्यातही दोन दोष दिसले. पहिला म्हणजे भोकाच्या कडा. मशीनवर कापलेल्या अ‍ॅल्युमिनियमची कड बोटाला लागत नाही, पण बारीक दोरीला कापते. एका टॉर्चच्या दोरीचे धागे नेमके तिथेच पिंजलेले होते. बारीक पॉलिश पेपर गुंडाळून भोकातून फिरवला की हा दोष जातो. दुसरा दोष जास्त गंभीर आहे. झाकण आट्यांवर बसतं, आणि लोंबकळणारा टॉर्च सतत एका दिशेला पीळ घेत असतो. हूकाला भोवरकडी, म्हणजे स्वतःभोवती फिरणारी कडी, नसेल, तर तो पीळ कुठे जाणार? झाकणात. झाकण पूर्ण सुटलं, तर दोरीच्या टोकाला झाकण राहतं आणि नळी सेलसकट खाली जाते. एका टॉर्चचं झाकण असंच जवळजवळ एक आटा सैल सापडलं.

त्यावर सोपा उपाय केला. झाकण घट्ट आवळून, झाकण आणि नळी दोन्हींवरून नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की झाकण फिरलंय. उजळ रंगाची रेघ हेडलॅम्पच्या उजेडात दोरावर उतरतानाही दिसते. गॅरेजमध्ये नट आवळल्यावर अशी खूण करतात, ती कल्पना तिथलीच.

मग चर्चा सुरू झाली. गटातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याचं म्हणणं स्पष्ट होतं: हातटॉर्चच नको, डोक्यावरचा दिवा पुरे. हे म्हणणं मला मनापासून विचार करण्यासारखं वाटलं. जी वस्तू नेलीच नाही, ती पडत नाही. पण पावसाळ्यात सह्याद्रीत रात्री काम केलेल्या कुणालाही ठाऊक आहे, की धुक्यात डोक्यावरचा दिवा समोर पांढरी भिंत उभी करतो. दिवा डोळ्यांच्या इतका जवळ असतो, की धुक्याच्या थेंबांवरून परतलेला उजेड सरळ डोळ्यांत येतो. तोच झोत कमरेच्या उंचीवरून टाकला, तर खडकाचा उंचसखलपणा दिसतो, कंगोऱ्याची सावली पडते. शिवाय लांबवरचा माणूस शोधायला अरुंद झोताचा टॉर्च लागतोच. त्यामुळे हातटॉर्च ठेवायचा, हे ठरलं.

गळ्यात अडकवायची सूचना मात्र एका वाक्यात बाद झाली. दोरावर असलेल्या माणसाच्या गळ्यात न सुटणारी कोणतीही दोरी नको, आणि सहज सुटणारी असेल तर टॉर्च पुन्हा खालच्याच्या डोक्यावर.

खरा वाद झाला तो दोरीच्या जाडीवरून. तरुण मुलांना पॅराकॉर्ड, म्हणजे पॅराशूटसाठी वापरतात तसली दोरी, हवी होती. ती दिसायला छान, विणकाम सुंदर होतं, आणि नावातच ताकद आहे: ५५० पौंड, म्हणजे साधारण २५० किलो. मी विरोध केला, कारण २५० किलो हाच तिचा दोष आहे. समजा, टॉर्च एखाद्या फटीत अडकला आणि माणूस खाली उतरत राहिला. किंवा दोरीचा सैल फास डिसेंडरमध्ये, म्हणजे दोरावरून उतरताना वेग आवरणाऱ्या साधनात, ओढला गेला. केस आणि शर्टाची टोकं तिथे कशी ओढली जातात, हे रॅपलिंग शिकवणारा प्रत्येक जण पहिल्याच दिवशी सांगतो. अशा वेळी ७० किलोचा माणूस त्या दोरीवर लटकेल. २५० किलोची दोरी तुटणार नाही. माणूस मुख्य दोरावर अर्ध्यात अडकेल आणि ज्या हाताने ब्रेक धरायचा त्याच हाताने चाकू शोधत बसेल. १८० ग्रॅमच्या वस्तूसाठी ही किंमत अजिबात मान्य करण्यासारखी नाही.

मग दोरी किती कमकुवत असावी? इथे कागद-पेन्सिल घेऊन बसलो. खालची मर्यादा टॉर्चच्या झटक्याने ठरते. हात पूर्ण लांब असताना टॉर्च निसटला आणि ७० सेंटीमीटर पडून दोरीला झटका बसला, दोरी आणि सगळे जोड मिळून एखादा सेंटीमीटर ताणले गेले, तर क्षणभराचा ताण २५ किलोच्या आसपास जातो. ताणाची ढील अर्धा सेंटीमीटरच असेल, तर तो दुप्पट. स्वस्त ओतीव हूक आणि किचेनच्या कड्या १८० ग्रॅमला का हरतात, याचं उत्तर या आकड्यात आहे. वरची मर्यादा माणसाच्या वजनाने ठरते: हलक्यात हलका सहकारी लटकला तरी दोरी तुटायला हवी. या दोन्हींच्या मध्ये फार जागा उरत नाही.

जागा वाढवायची, तर झटका कमी करायला हवा. तो इलास्टिकने होतो. पोकळ नायलॉन पट्टीच्या आत इलास्टिक घातलं, ते ३० सेंटीमीटर ताणलं जाऊ दिलं, तर तोच झटका सव्वा किलोच्या आसपास उतरतो. पंचवीस किलोवरून सव्वा किलोवर! आणि इलास्टिक कधी तुटलंच, तरी बाहेरची पट्टी टॉर्चला धरून राहते. या प्रकरणातला सर्वांत मोठा फायदा मला या साध्या पट्टीतून मिळाला असं वाटतं. तिने आणखी एक प्रश्न सोडवला. आखडलेली असताना पट्टी ३५ सेंटीमीटरची, ताणल्यावर हात पूर्ण लांब होईल इतकी. डाव्या खांद्याच्या पट्ट्याला अडकवली, की सोडलेला टॉर्च छातीशीच राहतो, नाभीजवळच्या डिसेंडरपर्यंत पोचत नाही. हार्नेसच्या, म्हणजे दोरावर उतरताना अंगाला बांधायच्या पट्ट्यांच्या, बाजूच्या फासांना तो लावायचा नाही, हे मी नियम म्हणून लिहून दिलं, कारण तिथून तो नेमका डिसेंडरच्या तोंडाशी लोंबतो.

दोरीचा धागा कोणता, यावर थोडं थांबतो. डायनिमा ही कृत्रिम धाग्याची दोरी बारीक आणि विलक्षण मजबूत असते, म्हणून अनेकांना ती आवडते. पण ती जवळजवळ ताणली जात नाही, त्यामुळे झटका वाढतो. ती निसरडी असते, साध्या गाठी तिच्यातून सरकतात, आणि उष्णतेने ती नायलॉनच्या बऱ्याच आधी वितळते. नायलॉन पाणी पितं, ओलं झालं की त्याची ताकद काही प्रमाणात घटते. पण इथे आपल्याला शिगेला पोचलेली ताकद नकोच आहे, थोडी लवचीकता हवी आहे. नायलॉनच घेतलं.

हूकाच्या बाबतीत मार्गदर्शन मिळालं ते पाण्याखालच्या गुहांमध्ये जाणाऱ्या पाणबुड्यांच्या पद्धतीतून. त्यांचा जुना नियम आहे, की धातूला धातू थेट जोडायचा नाही. मधे कापता येईल अशी दोरी हवी, म्हणजे काही अडकलं तर चाकूने मोकळं होता येतं. आणि नुसतं दाबलं की आत उघडणाऱ्या फाटकाचे हूक ते टाळतात, कारण असा हूक घासला गेला की स्वतःहून दुसऱ्या दोरीला अडकतो. ओळखपत्राच्या दोरीला येणारे हूक आणि किचेनची छोटी कॅराबिनर याच जातीची. ते वापरतात तो बोल्ट स्नॅप, म्हणजे अंगठ्याने खिट्टी मागे ओढल्याशिवाय न उघडणारा हूक. आपल्याकडे कुत्र्याच्या साखळीला हाच हूक असतो आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. जस्ताच्या ओतीव हूकांऐवजी स्टेनलेस स्टीलचे घेतले. ओतीव हूक वाकून इशारा देत नाही, सरळ तुटतो. बोल्ट स्नॅपला खाली भोवरकडी असल्यामुळे झाकणात जाणारा पीळही तिथेच संपला.

शेवटी जी मांडणी ठरली ती अशी. टॉर्चच्या झाकणातल्या भोकातून २ मिलिमीटर नायलॉन दोरीचा छोटा फास, गर्थ हिचने (फास स्वतःमधूनच ओवून) आवळलेला आणि डबल फिशरमन गाठीने बंद केलेला. हा फास टॉर्चवरून कधीच काढायचा नाही. त्यात बोल्ट स्नॅप अडकतो. बोल्ट स्नॅप आणि इलास्टिकची पट्टी यांच्यामध्ये १.२ मिलिमीटरच्या, ४५ किलो क्षमतेच्या दोरीचा एकेरी तुकडा. गाठीपाशी दोरीची ताकद एक-तृतीयांश किंवा त्याहून जास्त घटते, म्हणजे हा तुकडा ३० किलोच्या आसपास तुटावा. सव्वा किलोचा झटका तो सहज झेलतो, माणसाचं वजन झेलत नाही. तुकडा एकेरीच हवा. दुहेरी केला की हिशेब बदलतो, हे सर्वांना गाठ मारून दाखवलं. किचेनची कडी यात कुठेही नाही. ती झटक्याने उघडते एवढ्यासाठीच नाही, तर बारीक दोरी पीळ घेता घेता तिच्या दोन पदरांमध्ये शिरते आणि फिरत फिरत बाहेर येते म्हणूनही.

चाचणीसाठी १८० ग्रॅम होईल एवढी वाळू भरलेला पाइपचा तुकडा केला आणि गच्चीच्या कठड्याला पट्टी बांधून तो पुन्हा पुन्हा सोडला, कोरडा, भिजवून आणि चिखलात घोळवून. पट्टी, तुकडा आणि हूक तिन्ही टिकले. मग उलटी चाचणी घेतली, जी माझ्या मते अधिक महत्त्वाची होती. सरावाच्या भिंतीवर जमिनीपासून हातभर उंचीवर, खाली गादी टाकून, जुना टॉर्च फटीत मुद्दाम ठोकून बसवला आणि सहकाऱ्याला उतरत राहायला सांगितलं. पट्टी ताणली गेली, खांद्याला ओढ बसली आणि बारीक तुकडा टप्‌कन तुटला. तो थांबला नाही, कलंडला नाही. पॅराकॉर्डचा आग्रह धरणारी मुलं हे पाहत होती. नंतर त्यांनीच बाकीच्या पट्ट्या शिवून दिल्या.

वापरात आल्यावर किरकोळ बदल झाले. घाटातली लाल माती बोल्ट स्नॅपच्या खिट्टीत बसते आणि ती अर्ध्यात अडकून राहते. परतल्यावर पाण्यात बुडवून खिट्टी मागेपुढे करणं आता कामाचाच भाग आहे. झाकणातल्या फासामुळे टॉर्च शेपटीवर उभा राहत नाही, तंबूत छताकडे उजेड टाकायला तो दगडांमध्ये टेकवावा लागतो. ही गैरसोय आम्ही स्वीकारली. ज्यांचं बटण मागे आहे त्या टॉर्चमध्ये फास बटणावर येऊन दाबला जात होता, तिथे फास आखूड केला. बारीक तुकडे दरवर्षी मृगाच्या आधी सगळेच्या सगळे बदलायचे, कितीही नवे दिसत असले तरी. एकेका तुकड्याला दोन-चार रुपयांपेक्षा जास्त खर्च येत नाही.

उरले ते भोकच नसलेले टॉर्च. त्यातल्या काहींची नळी मधे बारीक आणि डोकं व झाकण दोन्ही रुंद होतं. तिथे नळीच्या मानेला कन्स्ट्रिक्टर गाठ आवळून फास काढला. रुंद टोकांमुळे तो कुठल्याच बाजूने निसटू शकत नाही. त्यांच्या डोक्याच्या आट्यांवरही नेलपॉलिशची रेघ आली. ज्यांची नळी टोकापासून टोकापर्यंत सारख्याच जाडीची होती, त्यांना टेप गुंडाळून, रबर चढवून पाहिलं, पण ओल्या हाताने ओढल्यावर सगळं सरकत होतं. ते टॉर्च आता लाल टेप लावून वेगळ्या पेटीत आहेत. वरच्या अँकरपाशी (दोर जिथे बांधतात तिथे), पायथ्याच्या तळावर, गाडीत ते वापरायचे. लाल टेपचा टॉर्च घेऊन कड्याच्या काठापलीकडे कुणी जायचं नाही, आणि उतरण्याआधी हार्नेसचं बक्कल तपासणारा माणूसच हेही तपासतो.